उखडलेला दुसरा रूळ परत टाकताना

ईव्हशमकर
सोमवार, रात्री ९.१०

मंडळी, नमस्कार.

आज सकाळी इथे इंग्लंडात, ऑक्सफर्डला जाताना, चार्लबरी स्टेशनात आमची गाडी अकरा मिनिटं उभी होती. इंजिन ठीक, सिग्नल ठीक, हवा स्वच्छ. ऑक्सफर्डकडून येणारी गाडी उशिरा निघाली होती आणि ती चार्लबरीत पोचेपर्यंत आम्हाला हलता येत नव्हतं, कारण चार्लबरी ते ऑक्सफर्डजवळचं वोल्व्हरकट जंक्शन हा तुकडा एकेरी आहे. माझ्या समोर एक आजी बसल्या होत्या. ऑक्सफर्डच्या रुग्णालयाचं पत्र त्यांनी पर्समधून तीनदा काढलं, वेळ वाचली, घडी करून परत ठेवलं. चौथ्यांदा काढलं तेव्हा गाडी सुटली.

मला लागतं ते हे, की हा तुकडा पूर्वी दुहेरी होता. गाडी चार्लबरी सोडते तेव्हा खिडकीतून बघा: रुळाच्या शेजारी तेवढ्याच रुंदीची सपाट पट्टी पळत असते. काटेरी जाळ्या, बर्चची पोरसवदा झाडं, मध्येच एखादं पाण्याचं डबकं. दगडी पुलाखाली दोन रुळांची ऐसपैस जागा आहे आणि तिच्यातून एकच रूळ जातो. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी माणसांनी फावड्यांनी खणून ती जागा केली. १९७१ मध्ये दुसरा रूळ काढून टाकला.

हा ऑक्सफर्ड ते वूस्टर मार्ग, इथे सगळे त्याला कॉट्सवोल्ड लाइन म्हणतात. मूळ रेल्वेचा इंजिनिअर ब्रुनेल. चार्लबरीचं लाकडी स्टेशन त्या काळातलं आहे, अजून वापरात आहे. १९७१ मध्ये दोन तुकडे एकेरी केले: वोल्व्हरकट जंक्शन ते ॲस्कॉट-अंडर-विचवुड, आणि मोरटन-इन-मार्श ते नॉर्टन जंक्शन. त्यानंतर चाळीस वर्षांनी, २०११ मध्ये, त्यातले सुमारे २० मैल परत दुहेरी झाले. जूनमध्ये चार्लबरी ते ॲस्कॉट, ऑगस्टमध्ये मोरटन ते ईव्हशम. खर्च ६ कोटी ७० लाख पौंड. चार्लबरी, ॲस्कॉट, हनीबोर्न इथे दुसरा फलाट पुन्हा बांधावा लागला. ही मागणी लावून धरणारी प्रवाशांची संघटना १९७८ पासूनची आहे. म्हणजे मागणीला सुरुवात करणाऱ्यांपैकी किती जणांनी तो दुसरा रूळ बघितला असेल?

पण दोन्ही टोकं एकेरीच राहिली. ऑक्सफर्डकडे वोल्व्हरकट ते चार्लबरी, वूस्टरकडे ईव्हशम ते नॉर्टन जंक्शन. गाडीचं वेळापत्रक या दोन चिमट्यांत अडकलंय. मधे कितीही मोकळा रस्ता असला तरी चिमट्यातून एका वेळी एकच गाडी जाते.

माझं म्हणणं एवढंच आहे, की रूळ काढताना वाचलेला पैसा आणि तो परत टाकताना लागणारा पैसा यांचा ताळेबंद कुणी एका कागदावर मांडत नाही, म्हणून ही चूक पुन्हा पुन्हा होते. आणि परत टाकायची वेळ येते तेव्हाही अर्धंच काम करून थांबतात.

तुम्ही जिथे राहता तिथे असं काही आहे का? भारतातलंही लिहा. रेल्वेत नोकरी केलेलं कुणी इथे असेल तर फारच उत्तम.

---

सायली_नाशिक
सोमवार, रात्री ९.४२

वाचतेय. एक साधा प्रश्न. रूळ काढायलाही मजूर लागतात, पैसे लागतात. पडून राहू द्यायचे होते की! काढले कशाला?

---

ईव्हशमकर
सोमवार, रात्री १०.२५

सायली, प्रश्न साधा नाही, मुळाशी जाणारा आहे.

रूळ पडून राहत नाही, तो सांभाळावा लागतो. खडी भरायची, स्लीपर (रुळाखालच्या आडव्या पट्ट्या) बदलायचे, पाण्याचा निचरा बघायचा, सांधे (पॉइंट्स) तेल घालून चालते ठेवायचे, सिग्नल केबिनमध्ये माणूस बसवायचा. १९६०च्या दशकात ब्रिटिश रेल्वे तोट्यात बुडत होती. १९६३ मध्ये डॉ. रिचर्ड बीचिंग यांचा अहवाल आला: २,३६३ स्टेशनं आणि सुमारे ५,००० मैल मार्ग बंद करा. तो सगळ्यांना माहीत असतो. १९६५ च्या दुसऱ्या अहवालाबद्दल फारसं कुणी बोलत नाही. त्यात म्हटलं होतं की ७,५०० मैल मुख्य मार्गांपैकी पुढच्या गुंतवणुकीसाठी फक्त ३,००० मैल निवडावेत. जे मार्ग त्या ३,०००त बसले नाहीत ते सगळेच बंद झाले नाहीत, पण त्यांना उतरती कळा लागली. चार रुळांचे दोन, दोनाचा एक. १९६८ च्या वाहतूक कायद्यात तर 'जादा' रूळ कमी करण्याच्या कामाला सरकारी अनुदानाची तरतूद होती.

स्टेशन बंद झालं की लोक रस्त्यावर येतात, वर्तमानपत्रात फोटो येतो. दुसरा रूळ निघाला तर गाडी तरीही येतेच, स्टेशन उघडंच असतं. त्यामुळे कुणी ओरडत नाही. त्रास दहा-वीस वर्षांनी सुरू होतो, तेव्हा कारण कुणाच्या लक्षात येत नाही.

---

लाइनक्लिअर
मंगळवार, सकाळी ६.१५

नमस्कार. मी स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झालो. उमेदीची बरीच वर्षं पुणे-मिरज मार्गावर गेली, तेव्हा तो एकेरी होता. त्यामुळे ईव्हशमकरांची अकरा मिनिटं मला आतून माहीत आहेत.

एकेरी मार्गावर दोन स्टेशनांच्या मधल्या ब्लॉक सेक्शनमध्ये एका वेळी एकच गाडी. आमच्या काळी त्यासाठी गोळा असायचा. पलीकडच्या स्टेशनाने लाइन क्लिअर, म्हणजे गाडी सोडायची संमती, दिली की मशिनमधून लोखंडी गोळा सुटायचा, तो चामड्याच्या पिशवीत, पिशवी वेताच्या रिंगला. पॉइंट्समन ती रिंग उंच धरून उभा राहायचा आणि धावत्या गाडीचा ड्रायव्हर हात घालून उचलायचा. पावसात ओली झालेली रिंग हाताला सटकायची, मग गाडी थांबवून पोऱ्याला मागे पळवायचं. गोळा हातात नसेल तर ड्रायव्हर स्टेशन सोडणार नाही. दोन्हीकडच्या मशिनी एकमेकींना बांधलेल्या. एक गोळा बाहेर असताना दुसरा निघतच नाही. आता संगणक आले, तरी तत्त्व तेच.

आता हिशोब. आमच्याकडे स्कॉटचं सूत्र वापरतात. दिवसाची १,४४० मिनिटं. सर्वांत लांब सेक्शन पार करायला लागणारी मिनिटं, अधिक लाइन क्लिअर-सिग्नलसाठी लागणारी मिनिटं, या बेरजेने १,४४० ला भागायचं आणि ०.७ ने गुणायचं. धावायला १५ मिनिटं आणि बाकी कामाला ५ धरली तर ७२, गुणिले ०.७, म्हणजे सुमारे ५०. दोन्ही दिशा मिळून ५० गाड्या. लक्षात घ्या, सर्वांत लांब सेक्शन. बाकी सगळे सेक्शन लहान करून ठेवलेत आणि एक लांब राहिला, तर मार्गाची क्षमता त्या एकाने ठरते. ईव्हशमकरांच्या लाइनीचे दोन चिमटे म्हणजे हेच.

दुहेरी मार्गावर समोरच्या गाडीचा प्रश्नच येत नाही, फक्त पुढच्या गाडीपासून अंतर राखायचं. दुसरा रूळ आला की क्षमता दुप्पट होते असं लोक म्हणतात. दुपटीहून पुष्कळ जास्त होते.

आणि एकेरीवर उशीर संसर्गासारखा पसरतो. एका दिशेची (डाउन) गाडी उशिरा आली की तिच्यासाठी समोरची (अप) थांबते. ती अप पुढच्या क्रॉसिंगला, म्हणजे दोन गाड्या एकमेकींना ओलांडतात त्या जागी, उशिरा पोचते, तिथली डाउन थांबते. सकाळी आठला लागलेली पंधरा मिनिटं मी रात्रीच्या पाळीत निस्तरली आहेत.

---

हिशोबनीस
मंगळवार, दुपारी १.०५

चर्चा छान आहे, पण एक बाजू सुटतेय. मी व्यवसायाने लेखापाल आहे, लंडनला अकरा वर्षं.

१९६२ मध्ये ब्रिटिश रेल्वेचा तोटा १० कोटी ४० लाख पौंड होता. त्या काळचे. लोक मोटारी घेत होते, माल ट्रकवर जात होता, कोळसा कमी होत होता. दिवसाला आठ-दहा गाड्या धावणाऱ्या मार्गावर दोन रूळ कशासाठी सांभाळायचे? त्या खुर्चीत मी असतो तर मीही एकेरी केला असता. चाळीस वर्षांनंतरचं कुणाला दिसतं?

दुसरं, ६ कोटी ७० लाखांत किती बस चालवता आल्या असत्या हेही विचारायला हवं.

---

लाइनक्लिअर
मंगळवार, दुपारी २.३०

हिशोबनीस, तुमचा मुद्दा रास्त आहे. तोटा खोटा नव्हता. पण रूळ उचलणं वेगळं आणि जागा घालवणं वेगळं. आपल्याकडचं एक उदाहरण देतो. कांगडा खोऱ्यातल्या नॅरोगेजचा नगरोटा ते जोगिंदरनगर हा तुकडा १९४२ मध्ये युद्धासाठी उखडला. रूळ गेले. भराव, पूल, जमीन राहिली. १९५४ मध्ये परत टाकला. बारा वर्षांत परत आणता आला, कारण रुळाखालचं सगळं जागच्या जागी होतं.

---

ईव्हशमकर
मंगळवार, रात्री ८.५०

काका, कांगड्याचं माहीत नव्हतं. धन्यवाद.

हिशोबनीस, १९७१ ला पुढचं दिसत नव्हतं हे मान्य. पण मग न दिसणाऱ्या गोष्टीसाठी थोडी जागा राखायची असते, तुमच्या क्षेत्रात तरतूद म्हणतात तसं. ब्रिटनमध्ये १९९४-९५ साली रेल्वेचे प्रवास साडेत्र्याहत्तर कोटी होते. २०१८-१९ ला पावणेदोनशे कोटींच्या वर गेले. एवढी वाढ त्या कापलेल्या जाळ्यावर आली. मग एकामागून एक रूळ परत टाकणं सुरू झालं, आणि यादी बघितलीत तर तुम्हाला सगळीकडे तशीच दोन सालं दिसतील, एक काढल्याचं आणि एक परत टाकल्याचं.

लंडन-बर्मिंगहॅमच्या चिल्टर्न मार्गावर प्रिन्सेस रिसबरो ते आयनो हा भाग १९६८ च्या सुमारास एकेरी केला; १९९८ आणि २००२ अशा दोन टप्प्यांत तो पुन्हा दुहेरी झाला. स्विंडन ते केंबल, साडेबारा मैल, १९६८ मध्ये एकेरी, २०१४ मध्ये दुहेरी, साडेचार कोटी पौंड. ब्रिस्टलला फिल्टन बँक म्हणून चढ आहे, तिथे चार रुळांचे १९८४ ला दोन केले आणि २०१८ च्या डिसेंबरात परत चार.

यातलं केंबलचं उदाहरण तुमच्यासाठी मुद्दाम. २०१६ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात विद्युतीकरणासाठी इंग्लंड आणि वेल्स जोडणारा सेव्हर्न बोगदा सहा आठवडे बंद होता. लंडन-कार्डिफ गाड्या ग्लॉस्टरमार्गे वळवल्या, म्हणजे याच स्विंडन-केंबल रुळावरून. दोन वर्षं आधी तो दुहेरी झाला नसता तर दक्षिण वेल्सच्या लोकांचे ते सहा आठवडे कसे गेले असते? हा फायदा साडेबारा मैलांच्या तिकीटविक्रीत कुठेच दिसत नाही.

बसचं म्हणाल तर बस हवीच. ईव्हशमहून ऑक्सफर्डला बसने रोज जाऊन नोकरी करून दाखवा एवढंच म्हणेन. गाडीने तासाभरात पोचतो.

---

खडी_स्लीपर
मंगळवार, रात्री ११.२०

इथे थोडं तांत्रिक लिहितो. मी स्थापत्य अभियंता, ट्रॅकच्या कामांवर असतो, सध्या मिडलंड्समध्ये.

लोकांना वाटतं, जागा आहे, पुलाखाली रुंदी आहे, मग रूळ टाकायला काय लागतं? प्रत्यक्षात पहिली अडचण ही, की उरलेला रूळ बऱ्याच ठिकाणी मूळ जागेवर राहिलेलाच नसतो. एकेरी केल्यावर तो सरकवून भरावाच्या मध्यभागी आणतात. वळणं सोपी होतात, वेग वाढवता येतो, कडेची माती ढासळली तरी धोका कमी. त्या वेळी ते शहाणपणाचंच होतं. पण आता दुसरा टाकायचा म्हणजे आधी पहिला उचलून बाजूला न्यायचा. म्हणजे चालू गाड्या बंद.

दुसरं, पाणी. पन्नास वर्षं ज्या पट्टीवर कुणी पाय ठेवला नाही तिथली गटारं बुजलेली असतात. मी एका जागी (नाव सांगत नाही) गवत काढल्यावर खाली जुनी विटांची गटार बघितली. आत झाडाची मुळं अशी भरली होती की काढल्यावर गटारीच्या आकाराचाच ठोकळा बाहेर आला. ती बदलल्याशिवाय वर खडी टाकली तर दोन पावसाळ्यांत रूळ बसतो.

तिसरं, फलाट. पूर्वीचा दुसरा फलाट परत वापरता येत नाही. उंची वेगळी, कडा ढिली. नवा बांधला की तिथे जायला पादचारी पूल, पूल आला की चाकाची खुर्ची असलेल्यांसाठी उतार किंवा लिफ्ट. ते योग्यच आहे. पण यातलं काहीच १९७१ मध्ये वाचवलेल्या पैशात धरलेलं नव्हतं.

आणि सिग्नल. अर्ध्याहून अधिक डोकेदुखी तिथे असते, रुळात नाही.

---

एडिनबराची_सई
बुधवार, सकाळी ७.५५

गाडीतूनच लिहितेय. गॅलाशील्सहून एडिनबराला चाललेय, आणि या धाग्यावर आमच्या स्कॉटलंडातल्या बॉर्डर्स रेल्वेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून राहवेना.

एडिनबरा ते कार्लाइल हा वेव्हर्ली मार्ग १९६९ च्या जानेवारीत बंद केला. शेवटच्या रात्री न्यूकासलटन गावातल्या लोकांनी फाटक अडवून गाडी रोखून धरली होती. गावचे धर्मगुरूच पुढे होते. त्याच गाडीत इथले खासदार डेव्हिड स्टील होते, त्यांनी उतरून समजूत घातली. या भागातले म्हातारे लोक ती रात्र अजून सांगतात, काल घडल्यासारखी.

सप्टेंबर २०१५ मध्ये त्यातला एडिनबरा ते ट्वीडबँक हा सुमारे ३० मैलांचा भाग परत सुरू झाला. पहिल्याच वर्षी दहा लाखांहून जास्त प्रवास झाले. मी इथे घर घेतलं ते या गाडीच्या भरवशावर, माझ्यासारखे कितीतरी आहेत. त्यामुळे पुढचं लिहिताना वाईट वाटतं.

जवळपास सगळा मार्ग नव्याने बांधायचा होता. आधी १६ मैल दुहेरी ठेवायचं ठरलं होतं, खर्च कमी करायला ते साडेनऊ मैलांवर आणलं. बाकी एकेरी. आणि काही नवे पूल एका रुळापुरतेच बांधले. म्हणजे ईव्हशमकरांच्या लाइनीवर निदान ब्रुनेलच्या काळातली दोन रुळांची जागा आहे. आमच्याकडे ती जागा या शतकात बुजवली. उद्या दर पंधरा मिनिटांनी गाडी द्यायची म्हटलं, किंवा मार्ग पुढे हॉविकपर्यंत, कार्लाइलपर्यंत न्यायचा म्हटलं, तर ते पूल आडवे येणार.

एकाला उशीर झाला की सगळ्यांना होतो, हे काकांनी लिहिलंय ते आम्ही रोज बघतो. न्यूटनग्रेंजच्या आसपास गाडी रेंगाळली की डब्यातले सगळे एकदम फोन काढतात, एडिनबराला पुढची गाडी पकडायची असते ना.

---

माणगावचा_बाळू
बुधवार, सकाळी ९.३०

सईताई, वाचून आमची कोकणाची लाइन आठवली. रोहा ते ठोकूर साधारण ७४० किलोमीटर, २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण सुरू झाली, जवळपास सगळी एकेरी. रोहा ते वीर हा सुमारे ४७ किलोमीटरचा भाग २०२१ मध्ये दुहेरी झाला. त्याच्या खाली परत एकेरी. गणपतीत जादा गाड्या सुटतात तेव्हा छोट्या छोट्या स्टेशनांवर क्रॉसिंगसाठी गाड्या उभ्या असतात. बाहेर भातशेती, आत मखराचं सामान मांडीवर घेतलेली माणसं.

पण आमचं काढून नेलेलं नाही, मुळात टाकलंच नव्हतं. ते या धाग्यात बसतं का?

---

लाइनक्लिअर
बुधवार, सकाळी ११.००

बाळू, बसतं आणि नाहीही. कोकणात बोगदे आहेत, नव्वदहून जास्त. ते एका रुळाच्या मापाचे खणलेले. दुसरा रूळ म्हणजे दुसरा बोगदा. तेव्हा पैसा उभा करून लाइन वेळेत पुरी करणं हेच मोठं होतं, म्हणून मी त्यांना दोष देणार नाही. सईताईंच्या पुलांचं मात्र समजत नाही. पूल रुंद बांधायला त्याच वेळी थोडा जास्त खर्च आला असता, आता पाडून बांधायचा म्हणजे लाइन बंद.

आम्हाला प्रशिक्षणात एका जुन्या साहेबांनी सांगितलेलं आठवतं: रूळ आज नाही तर उद्या टाका, पण पुलाचा पाया दोन रुळांचा घ्या.

---

वऱ्हाडी_पोर
बुधवार, रात्री ९.१५

काढून नेलेलं, सुटलेलं असं आमच्याकडे आहे ना. शकुंतला.

यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर, सगळी मिळून सुमारे १९० किलोमीटरची नॅरोगेज. वऱ्हाडचा कापूस वाहायला खासगी कंपनीने टाकलेली. १९९४ पर्यंत तिला वाफेचं इंजिन होतं. माझी आजी कारंज्याची. सुट्टीत आईसोबत दारव्हा मोतीबागहून कारंज्याला जायचो. गाडी इतकी हळू की मोठी पोट्टी चालत्या गाडीतून उतरून बोरं तोडून परत चढायची. आई ओरडायची. स्टेशनावर तिकीट देणारा, झेंडी दाखवणारा, कंदील लावणारा माणूस एकच असायचा. तिकीट इतकं कमी होतं की मजूर बायका डोक्यावर गाठोडी घेऊन याच गाडीने बाजाराला जायच्या. त्यांना एसटी परवडत नव्हती.

आता गाडी नाही. ब्रॉडगेज होणार असं मी शाळेत असल्यापासून ऐकतोय. वर्धा-यवतमाळ-नांदेड नवी ब्रॉडगेज होतेय, तिचा वर्धा ते कळंब भाग फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाला, आनंद आहे. पण ती वेगळ्या दिशेची. कारंजा-दारव्ह्याच्या माणसाला तिचा उपयोग नाही.

खडी_स्लीपर दादांनी गटारीचं लिहिलं ते वाचून पोटात कालवलं. आमच्या रुळावर बाभळी आल्यात. मला एवढंच विचारायचंय, अजून किती वर्षं ती पट्टी वापरण्यासारखी राहील?

---

खडी_स्लीपर
बुधवार, रात्री १०.४०

दादा, प्रामाणिक उत्तर देतो. बाभळीने काही होत नाही, त्या एका आठवड्यात निघतात. भराव शंभर वर्षांत दाबून बसलेला असतो, तो नव्या भरावापेक्षा चांगला. मात्र ब्रॉडगेजसाठी तो रुंद करावा लागेल, वळणं सरळ करावी लागतील, लहान मोऱ्या बहुतेक सगळ्या बदलाव्या लागतील. खरा धोका मालकीचा आहे. जमिनीची सलग पट्टी कुठेही तुटली, एखाद्या गावात मधोमध रस्ता किंवा इमारत आली, की तेवढ्या शंभर मीटरसाठी सगळा मार्ग अडतो. ऑक्सफर्ड-केंब्रिज मार्गाचं तेच झालंय. १९६७ च्या अखेरीस बराचसा बंद केला. बेडफर्ड ते केंब्रिज या भागातली जुनी पट्टी ठिकठिकाणी तुटली, म्हणून आता तिकडे नवीनच मार्ग आखावा लागतोय. ऑक्सफर्ड-ब्लेचली भागात पट्टी टिकून होती, तिथे रूळ परत पडले.

तुमच्या तालुक्यात सात-बारा बघून रेल्वेच्या जमिनीची नोंद कुणी तपासत असेल तर ते काम सर्वांत मोलाचं आहे.

---

वऱ्हाडी_पोर
बुधवार, रात्री १०.५८

सात-बाराचं डोक्यात आलं नव्हतं. मामा तलाठी कार्यालयाच्या जवळच राहतात. विचारतो.

---

हिशोबनीस
गुरुवार, दुपारी १२.४५

सगळं वाचलं. सेव्हर्न बोगद्याचा मुद्दा पटला. पर्यायी मार्गाची किंमत हिशोबात धरली जात नाही हे खरं आहे. माझं मत थोडं बदललंय. एकेरी करणं त्या वेळी चूक नव्हतं असं अजूनही म्हणेन, पण रूळ मध्यभागी सरकवणं आणि पट्टी विकणं, या दोन गोष्टींची किंमत तेव्हाच मांडायला हवी होती.

मात्र एक शंका. २०२० मध्ये सरकारने बंद मार्ग परत सुरू करायला ५० कोटी पौंडांचा निधी जाहीर केला, त्यातून डेव्हनमधला ओकहॅम्प्टन मार्ग नोव्हेंबर २०२१ ला सुरू झाला, ठरल्यापेक्षा लवकर आणि कमी खर्चात. जुलै २०२४ मध्ये तो कार्यक्रमच रद्द झाला. बंद मार्ग उघडताना फीत कापता येते. चालू मार्गावर दुसरा रूळ टाकायला कुठला मंत्री पुढे येणार?

---

ईव्हशमकर
गुरुवार, रात्री ९.३०

तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. रूळ काढताना कुणी ओरडलं नाही तसंच परत टाकताना कुणी टाळ्या वाजवत नाही. म्हणून प्रवाशांना आकडे घेऊन मागे लागावं लागतं.

सॅलिसबरी-एक्सेटर मार्ग बघा. १९६७ मध्ये त्याचा बराच भाग एकेरी केला. २००९ च्या डिसेंबरात ॲक्समिन्स्टरजवळ फक्त ३ मैलांचा लूप (गाड्यांना एकमेकींना ओलांडण्यासाठी जादा रूळ) टाकला, सुमारे २ कोटी पौंड, आणि दर तासाला गाडी देता आली. तीन मैल! कुठे टाकायचा हे बरोबर शोधलं की थोड्या रुळातही फरक पडतो.

पण त्याची मर्यादा २०२५ च्या उन्हाळ्यात दिसली. पाऊस नाही, चिकणमातीचे भराव सुकून आकसले, रूळ वेडावाकडा होऊ लागला, म्हणून वेगमर्यादा घातली. गाड्या हळू झाल्या, त्यामुळे क्रॉसिंगच्या जागी वेळेत पोचेनात, आणि तासाला असलेली गाडी दोन तासांना करावी लागली. दुहेरी मार्गावर त्याच वेगमर्यादेने प्रवास दहा-पंधरा मिनिटं लांबला असता, गाड्या कमी झाल्या नसत्या. हवामान असं बदलत असताना एकेरी मार्गाला सावरायला जागाच राहत नाही.

आमच्या लाइनीवर आता मागणी आहे ती उरलेल्या टोकांचा काही भाग दुहेरी करण्याची: हॅनबरोकडून वोल्व्हरकट, आणि ईव्हशम ते पर्शोर. हॅनबरो आणि पर्शोर, दोन्हीकडे एकच फलाट आहे. आणि सईताई, तुमच्या पुलांसारखंच आमचंही झालंय: २०२० मध्ये वूस्टरशायर पार्कवे हे कोरं करकरीत स्टेशन उघडलं, त्यात आमच्या लाइनीला एकच फलाट, एकेरी रुळावर.

---

लाइनक्लिअर
शुक्रवार, सकाळी ६.०५

ईव्हशमकर, एक विनंती. हॅनबरोच्या बाजूला जमलं तर एखाद्या रस्त्याच्या पुलावरून बघून सांगाल का, रूळ मध्यभागी सरकवलाय की मूळ जागेवर आहे? खडी_स्लीपर यांनी लिहिल्यापासून ते डोक्यात घोळतंय. मूळ जागेवर असेल तर काम निम्म्याने सोपं.

---

ईव्हशमकर
शनिवार, संध्याकाळी ५.४०

काका, आज मुलीला घेऊन गेलो होतो. गावाबाहेर एका रस्त्याचा दगडी पूल आहे, कठड्यावरून सरळ खाली दिसतं.

आम्ही बघितलं तिथे रूळ एका बाजूला आहे. मूळ जागेवर. दुसऱ्या बाजूची पट्टी मोकळी: आधी गवत, मग काटेरी जाळी, मग कुंपण. पुलाच्या त्या बाजूच्या दगडांवर आतून अजून काजळी आहे, वाफेच्या इंजिनांची असावी. मुलीने विचारलं की तिकडून गाडी जात नाही तर भिंत काळी कशी. फक्त या एका पुलाचं सांगतोय, पुढे वळणावर काय आहे ते दिसत नव्हतं.

आम्ही उभे असताना ऑक्सफर्डकडे एक गाडी गेली. दुसऱ्या दिशेची कुठे आहे ते फोनवर बघितलं: ऑक्सफर्डच्या पुढे, जंक्शनच्या सिग्नलला उभी. सात मिनिटांनी ती आमच्या पुलाखालून गेली. मुलीने दोन्ही गाड्यांच्या वेळा वहीत लिहून घेतल्यात. पुढच्या शनिवारी पर्शोरच्या बाजूला जाणार आहोत, तिथलंही लिहितो.